उणे अठरा अंशांवरची शेती

१७ एप्रिल १९७६ रोजी यमुनेच्या पूर्व काठावर नोएडाची स्थापना झाली. तिथे तेव्हा गावे होती आणि गावांभोवती शेते. पुढच्या काही दशकांत त्या शेतांवर कारखाने, कार्यालये आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नदीच्या पलीकडे, दिल्लीतल्या पुसा परिसरात, आणखी एक संस्था जन्माला आली. देशभरातील पिकांच्या वाणांची ओळख, संकलन आणि जतन हे तिचे काम. १९७७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले: राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरीही त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. शेत शहराखाली जाते तेव्हा जमीन गेल्याचे सगळ्यांना दिसते. त्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पेरले जाणारे बियाणेही जाते, हे मात्र चटकन लक्षात येत नाही. शेत शिल्लक असूनही बियाणे जाते, कारण बाजारातला एखादा जास्त उत्पन्न देणारा वाण आला की घरचे वाण दोन-तीन हंगामांत मागे पडतात. एकदा पेरणे थांबले की घरातल्या डब्यातले बी काही वर्षांत मरते आणि तो वाण संपतो.

तो संपू नये म्हणून बियाणे वाळवून, हवाबंद करून थंडीत ठेवायचे, हा ब्युरोच्या पुसातल्या राष्ट्रीय जनुकपेढीचा मार्ग. आज तिथे साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. नोएडातून तासाभरात पोचता येईल अशा अंतरावर देशाच्या शेतीचा एवढा मोठा ठेवा आहे. तो कसा जपला जातो आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल, हे समजून घेण्यासारखे आहे.

एका जंगली भाताचे मोल

जुने, कमी उत्पन्न देणारे वाण कशाला सांभाळायचे, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उत्तर प्रदेशातच सापडते. १९७० च्या दशकात आग्नेय आशियातल्या भातशेतीवर ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूजन्य रोगाने हल्ला केला. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या या रोगाने रोपे खुजी राहत आणि ओंब्या धड भरत नसत. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातले हजारो नमुने तपासले. लागवडीच्या भातात कुठेच पुरेशी प्रतिकारशक्ती मिळाली नाही. ती मिळाली ‘ओरायझा निवारा’ या जंगली भाताच्या एका नमुन्यात, आणि तो नमुना उत्तर प्रदेशातल्या गोंडा भागातून गोळा केलेला होता. तळ्याकाठी तणासारखे उगवणारे हे गवत. त्याचे दाणे पिकताच गळून पडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याला किंमत नाही. पण डॉ. गुरदेव खुश यांच्या चमूने त्याच्यातला गुण लागवडीच्या भातात उतरवला. १९७६ मध्ये प्रसारित झालेला ‘आयआर ३६’ हा वाण त्या परंपरेतला, आणि पुढे तो आशियात कोट्यवधी एकरांवर पेरला गेला.

ते मूठभर बी कुणी गोळा केले नसते, किंवा गोळा करून साध्या कपाटात ठेवले असते, तर गरज पडली तेव्हा ते जिवंत नसते. कोणता गुण कधी लागेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सगळेच जपावे लागते, आणि जिवंत जपावे लागते.

आधी कोरडेपणा, मग थंडी

कोरडे बी हालचाल करत नाही, वाढत नाही, पण त्याच्या आत गर्भ जिवंत असतो. त्याचा श्वास अतिशय मंद चाललेला असतो. बियातल्या स्निग्ध पदार्थांचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते, पेशींची आवरणे झिजतात, डीएनएला इजा होत राहते. पेरल्यावर पाणी मिळताच बी प्रथम ही मोडतोड दुरुस्त करू लागते. दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर नुकसान झाले असेल तर ते उगवत नाही. बी एका दिवसात मरत नाही. आधी उगवायला उशीर होतो, मग रोपे अशक्त निघतात, आणि शेवटी उगवणे थांबते.

ही झीज दोन गोष्टींवर अवलंबून असते: बियातला ओलावा आणि भोवतालचे तापमान. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी याचा सोपा अंदाज मांडला. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान सुमारे पाच अंश सेल्सियसने उतरवले की पुन्हा दुप्पट. ओलाव्याचा नियम साधारण पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान आणि तापमानाचा शून्य अंशाच्या वर लागू पडतो. गव्हाचे बी बारा टक्के ओलाव्यावरून सहावर आणले तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्ट पट. तेच बी पस्तीस अंशांच्या खोलीतून पाच अंशांवर नेले तर पुन्हा सुमारे चौसष्ट पट. दोन्ही एकत्र केले तर आयुष्य चार हजार पटींवर जाते. प्रत्येक पीक हे गणित तंतोतंत पाळत नाही, पण दिशा पक्की आहे.

यातली मेख अशी की वाळवणे आधी आणि थंडी नंतर. ओले बी गोठवले तर आतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. ओलावा चौदा टक्क्यांच्या वर असेल तर हा धोका खरा आहे. नीट वाळवलेल्या बियात मात्र गोठायला मोकळे पाणीच उरत नाही. गुळाचा पाक आटत आटत जसा घट्ट होऊन शेवटी काचेसारखा कडक होतो, तसा बियातला शर्करायुक्त पेशीरस घट्ट होतो. त्या अवस्थेत रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते, आणि त्यांच्यामुळे होणारी झीजही. थंडी ही अवस्था आणखी पक्की करते.

आपल्या जुन्या घरांना यातले अर्धे गणित ठाऊक होते. चुलीवरच्या माळ्याला टांगलेली मक्याची कणसे, शेणाने लिंपलेली कणगी, राखेत कालवून गाडग्यात तोंड बंद करून ठेवलेल्या डाळी, कडुनिंबाचा पाला. धुराने आणि उबेने कणीस कोरडे राही, राख ओल शोषून घेई आणि किडीला आवर घाली. थंडी हाताशी नव्हती, म्हणून कोरडेपणावर सगळी मदार. बियाणे एका हंगामातून दुसऱ्या हंगामात न्यायचे असेल तर तेवढे पुरते. पन्नास-शंभर वर्षे न्यायचे असेल तर थंडीही लागते.

पुसातली पद्धत

पुसा हे नाव मुळात बिहारमधल्या गावाचे. १९३४ च्या भूकंपात तिथली कृषी संशोधन संस्था उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये ती दिल्लीत आली. नाव सोबत आले. १९४६ पासून डॉ. बी. पी. पाल यांच्या पुढाकाराने तिथे देशी-परदेशी वाण गोळा करण्याचे पद्धतशीर काम सुरू झाले. पुढे डॉ. हरभजन सिंग यांनी ते डोंगर-दऱ्यांपर्यंत नेले. राष्ट्रीय जनुकपेढीची सध्याची इमारत १९९६ मध्ये उभी राहिली. नूतनीकरणानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये ती पुन्हा कामाला लागली. दहा लाख नमुने सामावतील एवढी तिची क्षमता आहे.

नमुना आला की प्रथम त्याची माहिती नोंदवली जाते: कोणते पीक, स्थानिक नाव, गाव, जिल्हा, कुणाच्या शेतातून, कोणत्या हंगामात. देशी नमुन्याला ‘आयसी’ आणि परदेशी नमुन्याला ‘ईसी’ ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. ही नोंद नसेल तर बी जिवंत असूनही मुके राहते. दुष्काळात तग धरणारा हरभरा कोणत्या पाकिटात आहे, हे शोधायचे कसे?

मग बी स्वच्छ करून, कीड-रोग तपासून, वाळवण कक्षात जाते. तिथे ऊन नसते, गरम हवाही नसते. साधारण पंधरा अंश तापमान आणि सुमारे पंधरा टक्के आर्द्रता अशा थंड, रुक्ष हवेत ते काही आठवडे हळूहळू सुकते. कडक उन्हाने किंवा तापलेल्या हवेने बी लवकर सुकते खरे, पण गर्भाला इजा होते. बहुतेक धान्यांचा ओलावा पाच ते सात टक्क्यांवर आणला जातो. तेलबियांचा आणखी खाली, कारण तेल पाणी धरून ठेवत नाही आणि तेवढाच ओलावा तेलबीला जास्त बाधतो.

वाळलेले बी अॅल्युमिनियमचा थर असलेल्या तीनपदरी पाकिटात हवा काढून बंद केले जाते. हे पाकीट महत्त्वाचे. बाहेरच्या दमट हवेचा स्पर्श झाला की कोरडे बी पुन्हा ओल ओढून घेते आणि सगळी मेहनत वाया जाते. त्यानंतर पाकीट उणे अठरा अंशांच्या दालनात जाते. उणे अठराच का? घरच्या आणि उद्योगातल्या साध्या शीतयंत्रांना हे तापमान विश्वासाने राखता येते, आणि त्याहून खाली गेल्यावर वाढणारा खर्च बहुतेक पिकांसाठी गरजेचा नसतो. जगभरच्या पेढ्यांनी म्हणूनच ते प्रमाण मानले. संशोधकांना आणि पैदासकारांना वाटायचे बी मात्र वेगळे, साधारण चार अंशांवर मध्यम मुदतीसाठी ठेवलेले असते. रोजच्या देण्या-घेण्यासाठी मूळ ठेव उघडली जात नाही.

बी मोजून घ्यावे लागते

थंड दालनात ठेवले म्हणजे काम संपले, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात खरे काम तिथून सुरू होते. उणे अठरा अंशांवरही झीज थांबत नाही, फक्त फार मंद होते. म्हणून ठरावीक वर्षांनी, साधारण दहा वर्षांच्या अंतराने, पाकीट उघडून काही दाणे ओल्या कागदात उगवून पाहावे लागतात. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या निकषांनुसार सुरुवातीला बहुतेक पिकांची उगवण ८५ टक्क्यांहून अधिक असावी, आणि ती मूळच्या ८५ टक्क्यांखाली घसरली की ते बी शेतात पेरून ताजे बी घ्यावे.

हे पेरणे सोपे नाही. गहू आणि भात स्वपरागी आहेत, त्यांचे वाण बऱ्यापैकी शुद्ध राहतात. बाजरी आणि मका परपरागी. शेजारच्या वाणाचे परागकण आले की मूळ गुण बदलतो. मग अंतर राखावे लागते किंवा कणसांना पिशव्या बांधाव्या लागतात. थोड्याच झाडांचे बी घेतले तर वाणातली विविधता आपोआप गळते. म्हणून पेढीत एका नमुन्याचे दहा-वीस दाणे चालत नाहीत, काही हजार लागतात. पेढी शेवटी शेतावर आणि शेतमजुराच्या हातांवरच उभी आहे. वीज चालू ठेवणारा तंत्रज्ञ आणि दर काही वर्षांनी तो वाण पुन्हा पिकवणारा माणूस, दोघांपैकी एक जरी चुकला तरी ठेवा जातो.

ज्यांना थंडी सोसत नाही

सगळीच बियाणी अशी नसतात. १९७३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ एरिक रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट मांडले: वाळवण आणि थंडी सोसणारी, आणि न सोसणारी. आंबा, फणस, जांभूळ, नारळ, रबर, चहा ही दुसऱ्या गटातली. पावसाळी, उबदार प्रदेशातली ही झाडे. त्यांचे बी गळताच उगवायला निघते, कारण त्याला पुढच्या हंगामाची वाट पाहायची गरजच नाही. आंब्याची कोय वाळवली की मरते. त्यामुळे कोकणातल्या आंब्याच्या रायवळ जाती उणे अठराच्या पाकिटात जपता येणार नाहीत.

त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक, झाडच जिवंत ठेवायचे: कृषी विद्यापीठांचे फळबाग संग्रह, वनस्पती उद्याने. नोएडाच्या सेक्टर ३८-अ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने उभारलेले भारतीय प्रजासत्ताकाचे वनस्पती उद्यान याच विचाराचे आहे. ज्याच्या नावाने तिथले मेट्रो स्थानक ओळखले जाते, त्या उद्यानाचा मूळ हेतू दुर्मीळ आणि धोक्यातल्या देशी वनस्पतींचे जतन हा आहे. स्थानकावरून रोज जाणाऱ्या नोएडाकरांनी एकदा तरी वाट वाकडी करून ते पाहावे. दुसरी वाट अतिशीत साठवणीची. बियातला गर्भ, कोंबाचे टोक किंवा परागकण वेगळे काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांपर्यंतच्या थंडीत ठेवायचे. पुसातही ही सोय आहे. प्रत्येक पिकाची पद्धत मात्र स्वतंत्रपणे शोधावी लागते, म्हणून ही वाट महाग आणि संथ आहे.

एका ठिकाणचा ठेवा म्हणजे अर्धाच ठेवा

बियाण्याच्या पेढ्यांचा इतिहास एक धडा पुन्हा पुन्हा शिकवतो: सगळा ठेवा एकाच जागी ठेवू नये. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर फिरून लेनिनग्राडमध्ये प्रचंड बीजसंग्रह उभारला. १९४१ मध्ये जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला आणि तो १९४४ पर्यंत टिकला. संग्रहालयात तांदूळ, गहू, शेंगदाणे यांची पोती असताना तिथले अनेक कर्मचारी उपासमारीने गेले, पण त्यांनी बियाणे खाल्ले नाही. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह त्यांपैकी एक. स्वतः वाविलोव्ह यांचा स्टालिनच्या तुरुंगात १९४३ मध्ये मृत्यू झाला. ही माणसे मागे राहिलेल्यांच्या भुकेचा विचार करत होती, आणि त्यांच्यापुढे मान लवतेच.

सीरियातल्या अलेप्पोजवळची कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय पेढी यादवी युद्धात सापडली, तेव्हा वेळ वेगळी होती. तिथल्या नमुन्यांच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरच्या जागतिक बीजभांडारात आधीच पोचल्या होत्या. २००८ मध्ये सुरू झालेल्या त्या भांडारातून पहिल्यांदा बियाणे बाहेर काढले गेले ते २०१५ मध्ये, याच संस्थेसाठी. मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये ते पेरून वाढवले गेले आणि त्यातला वाटा २०१७ मध्ये पुन्हा भांडारात परत ठेवला गेला. वर्षभर गोठलेल्या जमिनीत असलेल्या या भांडाराच्या प्रवेशबोगद्यात २०१६ च्या उबदार हिवाळ्यात पाणी शिरले. बियाण्याला धक्का लागला नाही, तरी कोणतीही जागा कायमची सुरक्षित नाही हे कळले.

भारतानेही हे ओळखले आहे. लडाखमधल्या चांग ला खिंडीजवळ, १७,००० फुटांहून अधिक उंचीवर, संरक्षण संशोधन संस्थेने आणि ब्युरोने २०१० मध्ये बीजभांडार उभारले. तिथली नैसर्गिक थंडी विजेचा भार हलका करते. मे महिन्यात दिल्ली-नोएडात पारा पंचेचाळीसला भिडतो, तेव्हा उणे अठरा राखायला त्रेसष्ट अंशांची दरी यंत्रांना अखंड भरावी लागते. त्या तुलनेत चांग लाचे महत्त्व समजते. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात दहा लाख नमुन्यांच्या क्षमतेच्या दुसऱ्या राष्ट्रीय जनुकपेढीची घोषणा झाली. ती लवकर उभी राहायला हवी.

महाराष्ट्राचा वाटा

ब्युरोची देशभर दहा प्रादेशिक केंद्रे आहेत आणि त्यांतले एक अकोल्याला आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आपल्या घरचा जुना वाण देशाच्या ठेव्यात पोचवायचा असेल तर दिल्ली गाठायची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली ‘एम ३५-१’ ज्वारी आजही रब्बीत पेरली जाते. तिचे मूळ शेतकऱ्यांनी राखलेल्या बियात होते.

शेतातल्या जतनाचे सर्वांना ठाऊक असलेले नाव म्हणजे अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी भात, वाल, भाज्यांचे देशी वाण जमवले, जपले आणि वाटले. ‘बायफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बीजबँकेत बी दरवर्षी पेरले जाते. त्यामुळे बदलत्या पावसाशी आणि नव्या किडीशी जुळवून घेण्याची संधी वाणाला मिळते. थंड पाकिटातले बी ही संधी गमावते. ते जसे ठेवले तसेच उठते. पण गावातली बीजबँक एका पुराने, आगीने किंवा दोन दुष्काळांनी रिकामी होऊ शकते. म्हणून गावातली बँक आणि थंड पेढी, दोन्ही हव्यात. एकीने दुसरीची जागा घेऊ नये. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पात स्थानिक पिकांच्या बियाण्याचा विषय आहे, ही समाधानाची बाब आहे. त्याचे यश गावात किती वाण पुन्हा पेरले गेले यावर मोजावे.

घरी काय करता येईल

नोएडातल्या गच्चीवर भाज्या लावणाऱ्या माणसालाही हे शास्त्र वापरता येते. बी पूर्ण पिकलेल्या फळाचे घ्यावे आणि सावलीत, वाऱ्यावर सुकवावे. दाणा दाताखाली कटकन फुटला तर वाळला असे समजावे. चेपला तर अजून ओल आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्यावर बी कधीच पुरेसे वाळत नाही. अशा वेळी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ते काही दिवस ठेवावे. मग पुड्या बदलून, नाव आणि वर्ष लिहून, बरणी फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवावी. बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर हवेतली वाफ थंड बियावर पाणी होऊन बसते. कांदा आणि सोयाबीन अल्पायुषी. त्यांच्याकडून फार वर्षांची अपेक्षा करू नये.

पेरणीआधी उगवण तपासण्याची पद्धत तर प्रत्येक शेतकऱ्याच्या हातची आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गुंडाळून सावलीत ठेवावेत, ओल टिकवावी आणि आठवड्याभराने चांगले कोंब मोजावेत. सोयाबीनसाठी किमान सत्तर टक्के उगवण हे प्रमाण आहे. एवढ्या एका तपासणीने दुबार पेरणीचे संकट अनेकदा टळते.

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क वापरला तरच टिकतो. तुमच्या गावी, आजोळी, एखाद्या आजीच्या गाडग्यात अजून घरचा वाल, दोडका, नाचणी किंवा जुने भात असेल तर त्याचे नाव, गाव आणि तो कसा पेरतात हे आजच लिहून घ्या. थोडे बी स्वतः पेरा, थोडे शेजाऱ्याला द्या, आणि थोडे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत किंवा अकोल्याच्या केंद्रामार्फत राष्ट्रीय पेढीकडे पाठवा. यंदाचा हंगाम संपण्याआधी एवढे करा. पुढच्या वर्षी ते बी उगवेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.